सोळाचा खण

“ती आतली पोरगी बोलत नाय का कुनाशी?”

काउंटरपलीकडून आलेला हा प्रश्न माझ्याबद्दल होता. तो मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणजे नेहमीपेक्षा जरा मोठ्याच आवाजात, विचारलेला होता. काउंटर आणि माझं टेबल यांच्यामध्ये वायरच्या भेंडोळ्यांचं एक उघडं कपाट आहे. त्याला पाठ नाही, त्यामुळे मला पलीकडचं सगळं दिसतं. पलीकडच्यांना मात्र नुसती लाल, पिवळी, निळी भेंडोळी दिसतात आणि तिथे भिंतच आहे असं वाटतं.

“बोलते की,” चाचा म्हणाले. “कॉम्प्युटरशी बोलते, कंपनीवाल्यांशी इंग्लिशमधे बोलते. तुझ्यामाझ्यासाठी शब्द उरत नाय तिच्याकडे.”

काउंटरवरची माणसं हसली. मीही हसले, पण भेंडोळ्यांच्या अलीकडे.

चाचा म्हणजे दुकानाचे मालक. माझे ते कुणी लागत नाहीत. रोह्याचा अर्धा बाजार त्यांना चाचाच म्हणतो. तरुणपणी ते आखातात इलेक्ट्रिशियन होते, भाऊ अजून तिकडेच आहेत. परत आल्यावर त्यांनी स्टेशनच्या रस्त्याला हे विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. गावातली माणसं बल्ब, होल्डर, पंख्याचा कंडेन्सर न्यायला येतात, आणि एमआयडीसीतल्या कंपन्या मोठमोठ्या ब्रेकरच्या, म्हणजे वीज आपोआप तोडणाऱ्या खटक्यांच्या, ऑर्डरी ईमेलने पाठवतात. त्या ईमेलमध्ये माणसाने माणसाला लिहिलेलं वाक्य क्वचितच असतं. असतात ते मॉडेल नंबर, एकाखाली एक. त्यासाठी चाचांनी मला ठेवलं. मी पेणची. शाळा इंग्रजी माध्यमाची, नंतर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. सकाळच्या गाडीने रोह्याला जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं.

न बोलण्यामागे काही मोठं कारण नाही. शाळेत वर्गात मराठी बोललं की बाई रागावायच्या, आणि घरी आम्ही सगळेच मोजकं बोलणारे. त्यामुळे माझं मराठी नीट आहे, पण ते बाजारात फिरलेलं नाही. नोकरीला लागल्या लागल्या एकदा चाचा नमाजाला गेले होते, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला विचारलं, “आपल्याला कोणता हवा आहे?” त्याने मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. तेव्हापासून आपण कपाटाच्या आतच बऱ्या, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी माझी चौकशी करणारी बाई पेणजवळच्या जोह्याची होती. तिथे तिचा गणपतीचा कारखाना आहे. पन्नाशीची, काटक, मनगटापर्यंत वाळलेल्या रंगाचे हातमोजे घातल्यासारखे हात. सगळे तिला काकी म्हणत होते, म्हणून मीही मनातल्या मनात काकीच म्हटलं. तिची लेक रोह्याला दिलेली. लेकीला भेटायला आली की काकी सामानही इथूनच न्यायची, कारण रोह्यात कंपन्या, म्हणजे रोह्याचा माल पक्का, अशी तिची समजूत.

तिने पिशवीतून एक एमसीबी काढून काउंटरवर ठेवली. घरोघरी मीटरजवळच्या बोर्डात खटक्याच्या छोट्या पांढऱ्या डब्या असतात, वीज जास्त ओढली गेली की आपोआप पडतात, त्यातलीच ही. पण ही पांढरी नव्हती. गणपतीच्या अंगाला जो फिकट गुलाबी रंग मारतात, त्या रंगाची होऊन गेली होती. स्प्रे मारायच्या जागेशेजारीच तिचा बोर्ड होता. काकी म्हणाली, पंखा, घड्याळ, बोर्ड, समद्यांना अंगरंग लागलाय, आता फक्त डोले काढायचे बाकी हायत.

एमसीबीचा खटका तुटला होता. नवीन हवी होती. चाचांनी अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला, सोळाचा आकडा दिसला, आणि हात आपोआप सोळाच्या खणात गेला. जुनी एमसीबी त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेला असलेल्या ट्रेमध्ये टाकली. काकी नवीन घेऊन गेली. एवढंच झालं त्या दिवशी.

मला मॉडेल नंबर आवडतात. ही काही कुणाला सांगायची आवड नाही, म्हणून कधी सांगितली नाही. आमच्याकडे नवा चेहरा दिसला की बायका विचारतात, “कुनाची गो तू?” मग गाव कुठलं, आळी कुठली, घर कुठलं, त्या घरातल्या कुणाची, आणि शेवटी, कितवी. मला हा प्रश्न नकोसा वाटतो. उत्तर माहीत असूनही मी ओढणी सारखी करत बसते. पण मोठ्या ब्रेकरचा नंबर याच क्रमाने स्वतःची ओळख सांगतो, न लाजता. पहिली अक्षरं म्हणजे घराणं. मग आकडा येतो तो अंगापिंडाचा, म्हणजे डबी केवढी. मग एक अक्षर, शॉर्टसर्किटचा केवढा दणका हा सोसून तोडू शकतो ते सांगणारं. मग किती तारा एकदम तोडतो, मग किती अँपिअर. आणि शेवटी एक शेपूट असतं. त्यात माहेराहून काय काय बरोबर आणलंय ते लिहिलेलं असतं: लांबून बंद करायची कॉइल, पडल्याची खबर देणारा जादा स्विच, असलं काही.

प्रत्येक कंपनीची रीत मात्र वेगळी. एका कंपनीच्या नंबरात मधलं ‘एन’ दणक्याबद्दल असतं, तर दुसरीच्यात तेच ‘एन’ न्यूट्रलच्या तारेबद्दल. एकीची पुस्तिका उघडून दुसरीचा नंबर वाचला की घोटाळा ठरलेला. एकदा एका कारखान्याच्या ऑर्डरीत शेपटातलं अक्षर सुटलं होतं. मी दोन ओळींचा ईमेल टाकून विचारलं. त्यांच्या साहेबांनी चाचांना फोन करून विचारलं, तुमच्याकडे कोण इंजिनियर बसलेत? चाचा म्हणाले, एक मुलगी हाय, दिसत नाय कुनाला. हे वाक्य मी कपाटाआडून ऐकलं आणि दिवसभर कामात माझं लक्ष नव्हतं.

छोट्या एमसीबीचं लांबलचक नाव बाजूला किंवा खोक्यावर असतं. तोंडावर ठळक असतात ती फक्त एक अक्षर आणि एक आकडा. आकडा म्हणजे किती अँपिअरचं ओझं ही सतत वाहू शकेल. आणि अक्षर म्हणजे हिला दम किती. मोटार सुरू होताना एक क्षण कितीतरी पट जास्त वीज ओढते. भाताचं पोतं उचलताना पहिला हिसका मोठा लागतो, एकदा खांद्यावर आलं की माणूस चालू लागतो, तसंच. ‘बी’ अक्षराची एमसीबी त्या हिसक्यालाच घाबरून पडते. दिवे, कॉम्प्युटर अशा शांत प्रपंचासाठी ती ठीक. ‘सी’ जरा थांबून बघते. ‘डी’ आणखी सोशीक. खाली चौकटीत सहा हजार असाही आकडा असतो. तो दणक्याचा, पण ही एमसीबी सहा हजार वेळा पडू शकते अशी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची खात्री आहे, आणि चाचांनी त्याला कधी खोडून काढलेलं नाही.

काउंटरवर ही अक्षरं कुणी उच्चारत नाही. लोक येतात आणि म्हणतात, सोळाचा द्या, बत्तीसचा द्या. म्हणून चाचांनी खणही लोकांच्या तोंडाप्रमाणे लावलेत: सहाचा खण, दहाचा, सोळाचा, वीसचा, पंचवीसचा, बत्तीसचा. डोळे मिटून हात घातला तरी चालायचं, कारण दुकानात छोट्या एमसीबी यायच्या त्या सगळ्या ‘सी’च.

पुढच्या आठवड्यात काकी परत आली. दुकानात शिरतानाच बोलायला लागली होती. तिची नवीन एमसीबी फेकून द्यायच्या लायकीची होती. कंप्रेसरचं बटण दाबलं की पडते. चुकून एखाद्या वेळी टिकते, मग टाकी भरून कंप्रेसर थांबतो आणि परत सुरू व्हायला गेला की पडतेच. त्यांनी पंखे बंद करून पाहिले. घरातला फ्रिज बंद करून पाहिला. सुनेचा हात हलका म्हणून तिला बटण दाबायला लावलं. शेवटी परकराची नाडी घेऊन खटका वरच्या खिळ्याला बांधून ठेवला.

“तरी पडली चाचा. खटका वरच, नि आतून पडली. माझ्या सासूची सवय. तोंड हसरं नि आतून तुटलेली.”

दुकानात हशा झाला. खरं तर एमसीबी तशीच बनवलेली असते. खटका धरून ठेवला तरी आतला सांधा सुटतो, नाहीतर लोकांनी नाड्या बांधून घरं पेटवली असती. हे मला माहीत होतं. सासूचं उदाहरण कुठल्या पुस्तिकेत नव्हतं.

हसता हसताच काकीने अडचण सांगितली, आणि मग तिचं हसू उरलं नाही. यंदा पहिल्यांदाच तिने दिरापासून वेगळी शेड घातली होती. मूर्ती सगळ्या पांढऱ्या होऊन उभ्या होत्या. अंगरंग गनने मारायचा, गनला हवा कंप्रेसरची, आणि कंप्रेसर चालत नव्हता. अंगरंग झाल्याशिवाय डोळ्यांची आखणी होत नाही. आखणी करणारा कारागीर तिने महिनोन्महिने आधी ठरवून ठेवला होता. तिच्या मूर्ती त्याच्या डोळ्यांसाठीच मागितल्या जातात. तो दुसऱ्याच दिवशी, रविवारी, येणार होता. काम तयार नसेल तर तो बसून राहणार नाही. रस्त्याच्या पलीकडे दिराची शेड आहे, तिथे त्याला कधीपासून बोलावत आहेत. एकदा तिकडे बसला की चतुर्थीपर्यंत सुटणार नाही, आणि काकीच्या मूर्तींना डोळे मिळणार नाहीत. दुसरा उपाय होता तो म्हणजे दिराच्या दारात जाऊन त्याचा कंप्रेसर मागणं.

“त्यापरीस मी तोंडानं फुंकर मारून रंग लावीन,” काकी म्हणाली.

तिच्या वायरमनने सांगितलं होतं, सोळाचा कमी पडतो, बत्तीसचा टाका, परत पडणार नाय. काकीला बत्तीसचा हवा होता.

चाचा थबकले. वायर कुठली हाय आतली, त्यांनी विचारलं. हाय ती जुनीच, ह्यांच्या वेळची, काकी म्हणाली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या शेडमध्ये बोर्डासकट जुनी वायरच आणून लावली होती. चाचा म्हणाले, मग बत्तीस नको टाकू. पण दारात एका कॉन्ट्रॅक्टरचा टेम्पो येऊन उभा होता, तो हॉर्न वाजवत होता, आणि काकी सोडत नव्हती. वायरमन वायर बघून टाकील, तू दे, असं तिने तीनदा सांगितलं. शेवटी चाचांनी बत्तीसच्या खणात हात घातला आणि परत आलेली सोळाची माझ्या ट्रेमध्ये टाकली. खराब निघालेला माल कंपनीला परत पाठवायचं काम माझं.

मी ती हातात घेतली. तोंडावर लिहिलं होतं, बी १६.

मग ट्रेमधली जुनी, गुलाबी एमसीबी घेतली. नेलपॉलिश काढायची छोटी बाटली माझ्या पर्समध्ये होती. ओढणीच्या टोकाला दोन थेंब घेऊन घासलं. सोळाच्या आधी अंगरंगाखालून ‘सी’ बाहेर आला.

बी कुठून आली तेही मग आठवलं. एका कंपनीने आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी बी मागवल्या होत्या, ते काम रद्द झालं आणि माल दुकानातच राहिला. चाचांनी तो खणात लावला असणार. आकडा सोळा, म्हणून सोळाच्या खणात.

म्हणजे काकीची एमसीबी खराब नव्हती, लहानही नव्हती. तिला फक्त दम नव्हता. आणि आता त्या जुन्या, बारीक वायरवर बत्तीसची बसणार होती. बत्तीसची पडलीच नसती हे खरं. वायर तापून वितळली असती तरी पडली नसती. आणि ते रंग, थिनर, चिंध्या आणि पेंढा भरलेल्या शेडमध्ये.

मला उठून चार पावलं जायचं होतं. काउंटरवर काकी होती, कॉन्ट्रॅक्टर होता, त्याची माणसं होती. मी चाचांना मोबाइलवर मेसेज पाठवला. त्यांचा फोन बिलांच्या गठ्ठ्याखाली गुरगुरला. चाचांनी गठ्ठा तसाच बाजूला सरकवला. मी दुसरा मेसेज पाठवला. गठ्ठा परत गुरगुरला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, चाचा, घरून बोलावणं आलं वाटतं. तोवर काकी बत्तीसची पिशवीत टाकून रस्त्याला लागली होती.

टेम्पो गेल्यावर मी बाहेर आले आणि दोन्ही एमसीबी चाचांसमोर ठेवल्या. बोलले ते इतकं हळू की त्यांनी दोनदा विचारलं. मग चष्मा लावून त्यांनी दोन्हींची तोंडं पाहिली, सोळाचा खण ओढला, त्यातल्या काही उलटसुलट केल्या आणि खुर्चीत बसून पोट हलेपर्यंत हसले.

“माझे डोळे गेले, तुझं तोंड गेलं,” ते म्हणाले. “दुकान चालायचं कसं गो आपलं?”

त्यांनी स्वतःच खणातून सी १६ शोधून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ती स्टेशनवरच असेल, तुझी पण गाडी तीच, आज लवकर जा.

गाडी रोह्यातूनच सुटते, त्यामुळे डबा रिकामा असतो. काकी खिडकीशी पाय वर घेऊन बसली होती. मी समोरच्या बाकावर बसले. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी, माझ्याबद्दल तिने नुसतं ऐकलं होतं, पाहिली होती ती भेंडोळीच. निडी आलं, गेलं. नागोठण्याच्या आधी मी उठून तिच्या शेजारी बसले आणि सी १६ तिच्यासमोर धरली.

तिने एमसीबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कुनाची गो तू?”

मी म्हटलं, चाचांच्या दुकानातली. तिने कपाळावर हात मारला आणि अख्खा डबाभर हसली. मग मी सांगितलं, बी म्हणजे काय, सी म्हणजे काय, बत्तीसची का नको. पोत्याचं उदाहरण मला तिथेच सुचलं. गाडीच्या आवाजात तिला कान माझ्या तोंडाशी आणावा लागत होता, पण तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी तिने दोन्ही एमसीबी ओटीत ठेवल्या, एक सोळाची, एक बत्तीसची.

“मला पटलं,” ती म्हणाली. “पन बसवनार तो. नि त्याला माझं ऐकू येत नाय. उद्या सुट्टी ना तुला? ये नि त्याला सांग.”

मी मान हलवली.

“ही हो ची मान का नाय ची?”

पेण आलं होतं. मी हो म्हटलं आणि उतरले. गाडी तिला घेऊन पुढे, जोह्याजवळच्या हमरापूरकडे गेली, आणि मग प्लॅटफॉर्मवर उभं राहून मला कळलं की आपण काय कबूल केलंय.

रविवारी सकाळच्या बसने मी जोह्याला गेले. बसमध्ये मी वाक्यं तयार करत होते. ‘आपण कृपया’ असं सुरू होणारं पहिलं वाक्य मी खोडून टाकलं, दुसरंही टाकलं. भातशेतं हिरवीगार झाली होती आणि घराघरापुढच्या शेडमधून गणपती बाहेर बघत होते. काकीच्या शेडमध्ये ते सगळे पांढरे, डोळे नसलेले, रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे उलट्या बादलीवर आखणीवाला चहा पीत बसला होता. म्हातारा, बारीक, ब्रश रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवलेले. तो रस्त्यापलीकडे बघत नव्हता, पण पलीकडून त्याच्याकडे बघत होते.

वायरमन बोर्डापाशी होता. चाळिशीचा, खिशाला टेस्टर, गावभर त्याचीच वायरिंग. काकीने माझी ओळख करून दिली ती अशी की रोह्याच्या कंपनीतून मॅडम आल्यात. मी दुकानातली आहे हे सांगायला तोंड उघडलं, पण तोवर तो बोलला होता.

“मॅडम, बोला. काय हुकूम?”

मी काकीकडून सी १६ घेऊन पुढे केली. बसमधली सगळी वाक्यं बसमध्येच राहिली. मी एवढंच म्हटलं, “ही लावून बघा.”

त्याने आकडा पाहिला आणि काकीकडे वळून म्हणाला, हा पन सोळाच हाय, एवढ्यासाठी बाईमानसाला रोह्यावरनं आनलंत व्हय? सोळा दोनदा लावला म्हनून बत्तीस व्हतो काय? शेडमधल्या बायका हसल्या. माझे कान तापले. काकी म्हणाली की पोरीने गाडीत सगळं समजावलंय. तो म्हणाला, मग मला पन गाडीत न्या. परत हशा. मला तिथून निघून जावंसं वाटलं, आणि गंमत म्हणजे मलाही थोडं हसू आलं.

“बसव की रे,” बादलीवरून आखणीवाला म्हणाला. “बसवून बघायला तुझं काय जातंय. मी किती चहा पिऊ?”

वायरमनने मेन बंद केला आणि पाच मिनिटांत सी १६ बसवली. मग कंप्रेसरच्या बटणाशी कुणी जाईना. हलक्या हाताची सून पण मागे सरकली. काकीने गणपतींकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि स्वतः बटण दाबलं.

मोटार हुंकारली, पट्टा फिरला, आणि कंप्रेसर चालू राहिला. सगळ्यांचे डोळे खटक्यावर होते. नुसतं शिंकलं तरी पडेल अशी भीती होती. टाकी भरली आणि तो आपोआप थांबला. आता खरी परीक्षा होती. काकीने गन उचलली आणि पहिल्या गणपतीच्या सोंडेपासून अंगरंग मारायला सुरुवात केली. टाकीतली हवा उतरली, मोटार परत हुंकारली, आणि परत चालली. तिसऱ्यांदाही चालली. दोन मूर्ती गुलाबी झाल्या, मग तिसरी, चौथी, मग ओळच्या ओळ. सून घाईघाईने पुढच्या मूर्ती सरकवू लागली. आखणीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि मांडीवरचा रुमाल सोडून ब्रश एकेक करून बघायला घेतले. पहिली ओळ वाळायला ठेवली होती, तिच्यापुढे तो बादलीसकट सरकला.

काकीने रस्त्याच्या बाजूचा पडदा पूर्ण वर गुंडाळून टाकला, म्हणजे पलीकडून नीट दिसावं.

वायरमन मात्र हलला नव्हता. तो बोर्डाकडे बघत उभा होता, बोट सी १६ च्या तोंडावर. मग तो माझ्याजवळ आला. आता त्याच्या चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. कंप्रेसर जोरात होता, म्हणून तो ओरडूनच बोलला.

“तो पन सोळा, हा पन सोळा. ह्यो चालतो, त्यो का नाय? नि माझ्या बत्तीसनं काय वाकडं केलं असतं?”

मी अक्षराचं सांगितलं, दुकानातून पर्समध्ये टाकून आणलेली बी १६ बोर्डातल्या सी १६ शेजारी धरून बोटाने दाखवलं. ते त्याला डोळ्यांनी कळलं. त्याने बी वर बोट ठेवलं, मग सी वर, आणि मान डोलावली. पण बत्तीसचं दाखवण्यासारखं काही नव्हतं. ते बोलूनच सांगायला हवं होतं. मी सांगितलं. त्याने कानामागे हात नेला. मी परत सांगितलं. तो म्हणाला, मोठ्यानं बोला, इथं कोन तुम्हाला खानार हाय? मी त्याच्यामागच्या जुन्या वायरकडे पाहिलं, ती भिंतीवरून थिनरच्या डब्यांच्या डोक्यावरून गेली होती, आणि मला एकदम रागच आला, त्याच्यावर नाही, त्या वायरवर. मी छातीभर श्वास घेतला आणि आयुष्यात ओरडले नव्हते तशी ओरडले. नेमकी त्याच क्षणी टाकी भरली, कंप्रेसर थांबला, गन थांबली, आखणीवाल्याचा ब्रश डोळ्याच्या कडेला थांबला, आणि रस्त्यापलीकडच्या शेडपर्यंत माझा आवाज एकटाच गेला:

“तुमचा बत्तीस लावला असता ना, तर आधी वायर जळली असती, मग शेड जळली असती, आणि तो बत्तीस वर तोंड करून बघत बसला असता!”